कोऱ्या कागदाला मालक नसतो

दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांब्याहून एक फाटा साईनगर शिर्डीकडे वळतो. त्यामुळे पुष्कळांना हे नाव माहीत असतं ते शिर्डीच्या अलीकडचं स्टेशन म्हणून. श्रावणातल्या एका सकाळी मी तिथं उतरले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. वाटेत उसाचे फड, आणि गाव संपतं तिथं गोदावरी. वर नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं होतं. नदी गढूळ, काठोकाठ, आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तो दोनच शब्दांचा: ‘हे कोणाचं?’ जमीन, पाणी, देवस्थानं हे विषय इतरांनी घेतले होते. मी इंटरनेटवरचा मजकूर मागून घेतला. कोणी संकेतस्थळावर चार पानं लिहितो, फोटो चढवतो, भजन ऐकवतो. त्याच क्षणी ते साऱ्या जगाला दिसतं आणि पुढच्या क्षणी कोणीही उचलून नेऊ शकतं. मग त्याचं रक्षण होतं तरी कसं? वकिलाच्या कचेरीत बसून याचं उत्तर मिळालं असतं. पण असा मजकूर आता गावोगावी तयार होतो, म्हणून प्रश्न गावात नेऊनच बघायचा होता. पुणतांबा निवडायला दोन कारणं होती: चांगदेवांचं पत्र आणि २०१७ चा शेतकरी संप.

कोऱ्या पत्राचं गाव

चांगदेव महाराजांच्या समाधी मंदिरात एक वयस्कर माळकरी बाबा भिंतीला टेकून बसले होते. पत्राची गोष्ट विचारली तशी त्यांनी मांडी सावरली. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव, आणि आळंदीला वयानं पोरसवदा पण ज्ञानानं थोर असे ज्ञानेश्वर. पत्र लिहायचं तर मायना काय घालायचा? चिरंजीव म्हणावं तर ज्ञानाचा अपमान, तीर्थरूप म्हणावं तर वय आडवं येतं. शेवटी चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, एवढं जगून हा कोराच राहिला. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिलं, पासष्ट ओव्यांचं. तीच ‘चांगदेव पासष्टी’.

मी विचारलं, “बाबा, त्या कोऱ्या पत्राचा लेखक कोण म्हणायचा?”

ते हसले. “कोऱ्याला कसला लेखक, ताई? मनात चांगदेवांच्या पुष्कळ असंल. पण लिहिलं ते ज्ञानोबांनी. म्हणून पासष्टी ज्ञानोबांची.”

कॉपीराइटच्या कायद्याचा पाया याहून सोप्या शब्दांत मी ऐकलेला नाही. विचार, कल्पना, विषय, माहिती यांवर कोणाची मालकी नसते. त्यांना कोणी शब्द, रेषा, सूर किंवा चित्र यांचं रूप दिलं की त्या रूपाला मालक मिळतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये, आर. जी. आनंद खटल्यात, हेच सांगितलं: कल्पना सारखी असली म्हणून चोरी ठरत नाही, मांडणी उचलली का ते बघायचं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली. हा हक्क मागावा लागत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, लागू झाला २१ जानेवारी १९५८ पासून. त्यात नोंदणीची सोय आहे, सक्ती नाही. स्वतःच्या डोक्यानं रचलेली ओळ कागदावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर उतरली की त्याच घटकेला ती लिहिणाऱ्याची होते. १८८६ च्या बर्न करारानं देशोदेशीच्या लेखकांना एकमेकांच्या देशांत संरक्षण दिलं. भारत १९२८ पासून त्यात आहे. त्यामुळे पुणतांब्यात लिहिलेल्या चार ओळींना फ्रान्समध्येही संरक्षण असतं.

रस्त्यावरचं दूध

१ जून २०१७ रोजी शेतकरी संपावर गेले, आणि त्या संपाची ठिणगी पडली ती या गावातल्या ग्रामसभेत. शहरांकडे जाणारं दूध आणि भाजीपाला थांबला. रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रं देशभर पोचली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला राज्य सरकारला ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर करावी लागली.

त्या दिवसांत कॅमेरा घेऊन फिरलेल्या एका फोटो स्टुडिओवाल्या दादांना मी भेटले. लग्नं, बारसं, शाळेचे ओळखपत्राचे फोटो हा त्यांचा रोजचा धंदा. संगणकावरचं संपाच्या फोटोंचं फोल्डर त्यांनी उघडलं. रस्त्यावर पसरलेलं दूध, त्यात उमटलेलं ढगांचं प्रतिबिंब, कडेला रिकामा कॅन धरून उभा असलेला एक मुलगा. मग मोबाइलवर तोच फोटो दाखवला, कुठल्यातरी पानावरचा, दुसऱ्याच ओळींखाली.

“कोपरा बघा, ताई. माझं नाव होतं इथं. नेमका तेवढाच कापलाय.”

इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दूध ओतलं गेलं ही घटना कोणाच्याही मालकीची नाही. तिची बातमी कोणीही देऊ शकतो, आणि दादांच्या शेजारी उभं राहून दुसऱ्यानं काढलेला फोटो त्या दुसऱ्याचा. पण दादांनी निवडलेली जागा, वेळ, प्रकाश, चौकट यांतून जे चित्र झालं ते दादांचं. न विचारता ते छापणं किंवा संकेतस्थळावर चढवणं हे उल्लंघन आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही लेखनाइतकाच काळ मिळतो: काढणाऱ्याचं आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षं.

कापलेल्या कोपऱ्याची दखलही कायद्यानं वेगळी घेतली आहे. फोटोवर किंवा फाइलच्या पोटात नोंदवलेलं कर्त्याचं नाव, हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा २०१२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ६५-ब खाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नाव पुसणं ही फोटो उचलण्याखेरीजची दुसरी चोरी.

मग दादांनी अभिमानानं स्टुडिओचं संकेतस्थळ दाखवलं. पानभर नवरा-नवरी, हळदीचे चेहरे. मला सांगणं भाग होतं. पैसे घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे संपाचा फोटो दादांचा, पण लग्नाचे फोटो लग्नघराचे.

दादा गप्प झाले. “मग माझं त्यात काहीच नाही?”

आहे. मालकी लग्नघराची झाली तरी फोटो काढणारे ते दादाच. कलम ५७ म्हणतं, हक्क विकले तरी ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार विकला जात नाही, आणि आपल्या कामाची मोडतोड करून नावाला बट्टा लावणाऱ्याला तो अडवू शकतो. लग्नाची ऑर्डर घेताना पावतीवर एकच ओळ वाढवायची: निवडक फोटो स्टुडिओच्या संकेतस्थळावर दाखवायला आमची संमती आहे, आणि खाली घरच्यांची सही. दादांनी ती ओळ तिथंच लिहून घेतली.

संकेतस्थळ उकलून बघताना

दुपारी मी एका पदवीधर मुलीच्या घरी गेले. मंदिरं, अहिल्याबाई होळकरांच्या काळातला घाट, यात्रा, भजनी मंडळं, कांद्याचे रोजचे भाव असं सगळं ती गावाच्या माहितीसाठी एका संकेतस्थळावर मांडते. ओसरीवर लॅपटॉप उघडून तिनं विचारलं, “ताई, हे अख्खं संकेतस्थळ माझ्या नावावर नोंदवता येईल का?”

अख्खं नाही येत. भारताच्या कायद्यात ‘संकेतस्थळ’ नावाची कृतीच नाही. कॉपीराइट कार्यालयाची भूमिकाही तीच आहे: संकेतस्थळ हे वेगवेगळ्या कृतींचं गाठोडं, ते सोडायचं आणि प्रत्येक वस्तूला तिच्या जातीचं नाव द्यायचं. आम्ही तेच केलं.

मंदिरांवरचे लेख ही साहित्यकृती. फोटो आणि तिनं हातानं काढलेला गावाचा नकाशा ही कलाकृती. यात्रेची चित्रफीत कायद्याच्या लेखी चित्रपट. संकेतस्थळ चालवणारी आज्ञावली हीसुद्धा साहित्यकृती, कारण कायद्यानं संगणकाच्या आज्ञावलीला त्याच खणात ठेवलं आहे. रंगसंगती, पानाचं एकूण रूप, कुठलं बटण कुठं, शोधायची चौकट, ओळखीची चिन्हं यांवर मात्र कॉपीराइट मिळत नाही. संकेतस्थळाच्या नावावरही नाही. नावाचं रक्षण हा व्यापारचिन्हाच्या कायद्याचा प्रांत आहे.

कांद्याच्या भावाशी ती थांबली. “हे तर बाजार समितीचेच आकडे. पण रोज मी टाइप करते.”

आकडा हे तथ्य, त्याला मालक नसतो. रोजचे कष्ट कितीही असले तरी निव्वळ कष्टांतून हा हक्क उपजत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे नीट उलगडलं आहे. निकालपत्राचा मूळ मजकूर सर्वांचा. पण त्याचे परिच्छेद पाडणं, न्यायमूर्तींची मतं वेगळी करून दाखवणं, यांत संपादकानं विवेक वापरला असेल तर त्या भरीव कामापुरतं त्याला संरक्षण. म्हणजे कांद्याच्या भावावर तिचा हक्क नाही, पण वर्षभराच्या चढउतारावर तिनं लिहिलेलं टिपण तिचं.

भजनाची ध्वनिफीत सगळ्यांत गुंतागुंतीची निघाली. अभंग शेकडो वर्षांचा, तो मोकळा. पण गाणाऱ्या बुवांना आपल्या गायनावर ५० वर्षांचा वेगळा हक्क आहे, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्याकडे, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. एकाच अभंगावर तीन पदर. बुवांना विचारलं होतं का? “ते ओळखीचेच आहेत,” ती म्हणाली. ओळख असते म्हणूनच विचारणं सोपं असतं.

मग ती जरा घुटमळली आणि स्वतःहून बोलली, “गावाचा इतिहास मी दुसरीकडून उचललाय, ताई. जसाच्या तसा.” आम्ही माग काढला. तो मजकूर ब्रिटिशकाळातल्या, १८८४ च्या अहमदनगर गॅझेटियरमधल्या माहितीचा कोणीतरी केलेला मराठी अनुवाद होता. गॅझेटियर केव्हाच मोकळं झालेलं आहे. कोणीही वाचावं, वापरावं. पण अनुवाद ही नवी रचना, आणि ती अनुवाद करणाऱ्याची. तिनं तो मजकूर त्याच दुपारी उतरवला. “मूळ पुस्तक बघून माझ्या शब्दांत लिहीन,” म्हणाली. तिच्या या एका वाक्यासाठी मला तिचं फार कौतुक वाटलं. उचललेलं परत ठेवायला धैर्य लागतं.

साठ वर्षांचा हिशोब

पासष्टीच्या ओव्या संकेतस्थळावर द्यायला कोणाला विचारायचं, हाही तिचा प्रश्न होता. ओव्यांसाठी कोणालाच नाही. पण एखाद्या अभ्यासकानं अलीकडे लिहिलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना यांना हात लावायचा नाही. मूळ धान्य सर्वांचं, भाकरी ज्यानं थापली त्याची.

हिशोब असा. लेखक हयात असेपर्यंत आणि तो वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून पुढं ६० वर्षं. आधी हा काळ ५० वर्षांचा होता. १९४१ मध्ये निवर्तलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या कृती मोकळ्या होण्याची वेळ आली तेव्हा, १९९२ मध्ये, तो दहा वर्षांनी वाढवला गेला.

आपल्या माणसांवर हा हिशोब लावून बघूया. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून ती २०१३ उजाडल्यावर मोकळी झाली. विनोबा १९८२ मध्ये गेले, तेव्हा ‘गीताई’ घरोघरी म्हटली जात असली तरी तिच्यावरचा हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०६० संपेपर्यंत. तरी पुलंचे लेखच्या लेख संकेतस्थळांवर सापडतात, आणि चढवणाऱ्याला वाटतं की आपण मराठीची सेवा केली. प्रेम खरं असतं, हक्क मात्र दुसऱ्याचा असतो.

पैसे दिले, मजकूर कोणाचा?

संध्याकाळच्या चहाला एका दुकानाच्या ओट्यावर बसले होते. कृषी सेवा केंद्र चालवणारे एक काका बोलण्यात सामील झाले. दुकानाचं संकेतस्थळ त्यांनी शहरातल्या एका मुलाकडून करून घेतलं, पुरते पैसे मोजून. ठिबकची निगा, बियाण्याची निवड यांवरचे लेख त्याच मुलानं लिहिले. “मग ते माझेच की,” काका म्हणाले.

बहुतेकांचा गैरसमज इथंच असतो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं. पण बाहेरून काम करून देणारा नोकर नसतो. त्याला पैसे दिले म्हणजे काम झालं, हक्क बदलला नाही. हक्क हातात यायचा तर लेखी हस्तांतर लागतं, सहीनिशी. त्यात कुठली कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे लिहावं लागतं. काळ लिहायचा राहिला तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश राहिला तर फक्त भारत. आणि घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर उलट ठरलं नसल्यास तो परत लिहिणाऱ्याकडे जातो.

हाच नियम गावोगावच्या बातमीदारांच्या बाजूनं उभा राहतो. बातमीमागं मोजके पैसे मिळवणारा वार्ताहर सहसा वर्तमानपत्राचा पगारी नोकर नसतो. त्यानं लेखी काही दिलेलं नसेल तर त्याचा शब्द आणि त्यानं स्वतःहून काढलेला फोटो त्याचाच असतो. हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून मी इथं सांगते आहे.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे सात-बारा बघितल्याशिवाय रान घेतल्यासारखं झालं हे,” म्हणाले. अगदी तसंच झालं होतं.

‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे

मराठी माणसाच्या मोबाइलवर रोज सकाळी एखादा सुंदर लेख येतो, खाली ओळ असते: लेखक माहीत नाही, आवडलं म्हणून पाठवतोय. नाहीतर एकच शब्द: साभार. आभार मानणं चांगलंच. पण आभार मानायचे ते दिल्याबद्दल, आणि इथं कोणी काही दिलेलंच नसतं. नाव घातलं तर कर्त्याला श्रेय मिळतं, पण छापायची मुभा मिळत नाही.

मग काहीच वापरायचं नाही का? तसंही नाही. खाजगी अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींची बातमी देताना रास्त प्रमाणात वापर करायला कलम ५२ मोकळीक देतं. पुस्तकावर लिहिताना त्यातली चार वाक्यं देता येतात, अख्खं प्रकरण नाही. शिक्षकानं शिकवताना वर्गात वापरायलाही वाट ठेवली आहे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख दुसऱ्या नियतकालिकाला पुन्हा छापता येतो, लेखकानं तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. म्हणून ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ हक्क मिळवायला लागत नसली तरी पानाच्या तळाशी असावी. ती या एका वाटेवर कडी घालते.

वापर करून द्यायचाच असेल तर त्याचीही रीत आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांच्या कष्टांवर उभा आहे. त्यावरचा मजकूर कोणीही घेऊ शकतो, विकूही शकतो, अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि आपण त्यात भर घातली तर तीही त्याच मोकळेपणानं पुढं द्यायची. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे हे परवाने म्हणजे मालकानं स्वतः उघडलेलं फाटक. ते उघडायचं की नाही हे ठरवणारा मालकच असतो, आणि यातच हक्काचा मान आहे.

चोरी सापडल्यावर

काही वर्षांपूर्वी माझाच एक लेख एका संकेतस्थळावर दुसऱ्याच नावानं सापडला. शीर्षक बदललेलं, आत माझ्या आजीच्या चुलीचं वर्णन जसंच्या तसं. माझ्या आजीला कोणी स्वतःची आजी म्हणून मिरवतंय, हे बघून पोटात कालवलं होतं. तेव्हा जे धडपडून शिकले ते आता क्रमानं सांगू शकते.

आधी पुरावा. चोरलेल्या पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असं पडद्याचं चित्र घेऊन ठेवायचं, कारण तक्रार पोचताच पान गायब होतं. आपल्या बाजूनं मूळ फाइल, कच्चा खर्डा, फोटो असेल तर कॅमेऱ्यातली अस्सल फाइल. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी इथं उपयोगी पडते. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइन, हरकतींसाठी ३० दिवस थांबणं. मिळालेला दाखला न्यायालयात पहिला साक्षीदार ठरतो. पण नोंदणी नसली तरी दावा अडत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये संजय सोया खटल्यात, खाद्यतेलाच्या लेबलच्या वादात, हे ठामपणे सांगितलं आहे.

मग पत्र. चोरी करणाऱ्याला साधं, न चिडता लिहिलेलं पत्र अनेकदा पुरतं. माझ्या बाबतीत पुरलं नाही. पुढची पायरी, मजकूर ज्याच्या जागेवर आहे त्या मंचाला कळवायची. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार मंचांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमांत, दुवा देणाऱ्या किंवा तात्पुरती साठवण करणाऱ्या मध्यस्थांसाठी ३६ तासांची मुदत आहे. तक्रारीत कृती कोणती, हक्क आपला कसा, चोरीचा मजकूर नेमका कुठं हे लिहायचं आणि आपण न्यायालयात जाऊ अशी हमी द्यायची. मध्यस्थाची खात्री पटली तर त्यानं ३६ तासांत वाट बंद करायची, ती २१ दिवस. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो वाट पुन्हा उघडू शकतो. अमेरिकी मंचांचे तक्रार अर्ज त्यांच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याबरहुकूम असतात. इथला माणूसही ते घरबसल्या भरतो. माझा लेख उतरला तो याच पायरीवर.

‘नेमका कुठं’ याला फार वजन आहे. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं सरसकट संकेतस्थळं बंद करायला नकार दिला होता. तपासून घेतलेले एकेक पत्ते द्या, असं सांगितलं. चोर पकडायला अख्खी आळी कोंडायची नसते.

शेवटची पायरी न्यायालय. चोरणारा दिल्लीत असो की चेन्नईत, लेखकाला त्याच्या गावी जावं लागत नाही. कलम ६२ नं लेखकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावायची मुभा दिली आहे, म्हणजे पुणतांब्याच्या माणसाला अहिल्यानगर जिल्ह्यातच. मनाई हुकूम, भरपाई, मिळवलेल्या नफ्याचा हिशोब मागता येतो. जाणूनबुजून केलेली चोरी हा फौजदारी गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

आता या वाटेवर नवं वळण आलं आहे. उत्तरं लिहून देणारी यंत्रं तयार करताना संकेतस्थळांवरचा मजकूर त्यांना पढवला जातो. तसं करायला परवानगी लागते का, हा वाद एएनआय वृत्तसंस्थेनं ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेला. त्या मुलीनं मंदिरावर लिहिलेल्या पानाशीही या प्रश्नाचा संबंध आहे. तिच्या शब्दांवर यंत्र शहाणं होणार असेल, तर तिला कोणीतरी विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नाममुद्रा

दिवेलागणीला मंदिरात हरिपाठ होता, मग अभंग. शेवटच्या चरणात ज्याचं पद त्याचं नाव आलं आणि टाळ क्षणभर मोठे झाले. आपल्या संतांनी हे आधीच जाणलं होतं. तुकोबांनी नाव गुंफलं, जनाबाईंनी गुंफलं, चांगदेवांचीही ‘वटेश्वर’ ही मुद्रा आहे. पदावर पैसा मिळणार नव्हता, ते कोणीही गावं अशीच इच्छा होती. पण नाव पदाच्या विणीतच असं बसवलं की ते काढलं तर चरण मोडतो. शतकानुशतकं तोंडातोंडी फिरूनही नावं टिकली ती गाणाऱ्यांनी राखली म्हणून. पोलिसांचा धाक त्यामागं कधीच नव्हता.

आजच्या मजकुराची मुद्रा फोटोच्या कोपऱ्यात असते, लेखाच्या डोक्यावर असते, आणि बोटाच्या एका हालचालीत कापली जाते. कायदा तिच्या पाठीशी उभा आहे, हे मी पाहून आले. पण कायद्याच्या आधी ती राखायची असते वाचणाऱ्यानं आणि पुढं पाठवणाऱ्यानं.

अभंग संपल्यावर ती मुलगी बुवांजवळ जाऊन बसली. मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवलं आणि विचारलं, “काका, हे लावू का संकेतस्थळावर? नाव काय घालू?”

बुवांना बहुधा असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी आधी अभंग कोणाचा ते सांगितलं, मग पखवाजावर कोण होतं ते, मग टाळकऱ्यांची नावं एकेक करून. आपलं नाव सगळ्यांत शेवटी सांगितलं. तिनं ते सगळ्यांत वर लिहिलं.